सात नंबरची नळी

माझ्या टेबलावर येणारा किडा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. या वाक्याच्या शेवटी जो पूर्णविराम छापला जाईल, त्यावर तो बसला तर फार तर पंखांची टोकं बाहेर येतील. सोसायटीतल्या बायका विचारतात, दिवसभर तुम्ही करता तरी काय? मी सांगते, संशय घेते. त्यांना वाटतं मी थट्टा करते. पण नाशिकजवळच्या एका पीकसंरक्षण प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी तेच करत आले आहे. समोर आलेला किडा, लोक म्हणतात तोच आहे का? आणि तो जिथून आणला म्हणतात, तिथूनच आणलेला आहे का? या दोन प्रश्नांवर माझी नोकरी उभी आहे. घरीही ही सवय सुटत नाही. दूधवाल्याने माप दाखवलं की मी मापाचा तळ बघते.

हे किडे कोणते ते आधी सांगते. इंग्रजीत त्यांना फेअरीफ्लाय म्हणतात, म्हणून आम्ही आपसांत 'परी' म्हणतो. नावाला भुलू नये. ही माशी नव्हे. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला हा परोपजीवी कीटक. द्राक्षाच्या पानाचा रस पिणारा तुडतुडा आपली अंडी पानाच्या शिरेत, आतल्या बाजूला लपवून ठेवतो. माणसाला ती भिंगातूनही धड दिसत नाहीत. परीला सापडतात. ती त्या अंड्यात आपलं अंडं घालते, तिची अळी आतलं सगळं खाऊन वाढते आणि ठरलेल्या दिवशी तुडतुड्याच्या अंड्यातून तुडतुड्याऐवजी परी बाहेर येते. बागाईतदाराच्या दृष्टीने एक फवारणी वाचली. पण हे केव्हा, तर परी योग्य जातीची असेल तेव्हा. भातावरच्या तुडतुड्यांची अंडी शोधणारी परी द्राक्षाच्या बागेत सोडून उपयोग नाही.

माझ्या वाट्याला परींमधलं एकच घराणं आलं. त्याचं शास्त्रीय नाव अनाग्रस. ते ओळखायचं कसं? पाऊल मोजायचं. त्याला चार पेरं हवीत. पाच निघाली की घराणं दुसरं. मग कंबर. बऱ्याच परींना देठासारखी बारीक कंबर असते, अनाग्रसला कंबरच नाही, छाती आणि पोट सलग. पुढचा पंख पट्टीसारखा अरुंद आणि त्याच्या कडेला पंखाच्या रुंदीपेक्षाही लांब केस. मादीची मिशी नऊ पेरांची, शेवटचं पेर गदेसारखं फुगलेलं. नराची मिशी तेरा पेरांची, तिला गदा नाही. इथवर घराणं ठरतं. पुढे जात ठरवायची तर मादीच्या त्या गदेवरच्या रेषा मोजाव्या लागतात. नखाने ओढल्यासारख्या उभ्या रेषा. जातींच्या एका गटात त्या तीन असतात, दुसऱ्यात पाच. त्यानंतर अंडी घालायची नळी पुढच्या पायाच्या नडगीच्या किती पट, पंखावर केस नसलेला भाग केवढा, अशी मापं. सगळा हिशेब मोजदादीचा. मला तो मानवला.

हे मोजायला किडा काचेवर पक्का बसवावा लागतो. आधी स्पिरिट, मग लवंगेचं तेल, मग झाडाच्या डिंकासारखा एक पातळ राळेचा थेंब, त्यात परी, आणि वर नखाएवढी काच. काडेपेटीच्या काडीला केसासारखी सुई बसवून तिचे पंख आणि मिश्या सरळ करायच्या. श्वास जोरात सोडला तर परी जाते आणि परत सापडत नाही. तेलाच्या वासामुळे खोलीत शिरलेला माणूस गालावर हात ठेवतो; त्याला दातांच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

माणसंही तऱ्हेतऱ्हेची येतात. पिंपळगाव बसवंतचे एक बागाईतदार एकदा बिस्किटाच्या पुड्यात जपून ठेवलेली कागदाची कार्डं घेऊन आले. कार्डावर बारीक अंडी चिकटवलेली. तुडतुडे खाणारा मित्रकीटक म्हणून कुणीतरी त्यांना ती विकली होती. मी चार दिवस ठेवून त्यातून निघालेले किडे पाहिले. पावलाला पेरं तीन. परी नव्हेच, हा पतंगांच्या अंड्यांवर जगणारा वेगळा किडा. ते वैतागले. "मॅडम, पेरं मोजू नका. काम करतो का तेवढं सांगा." मी म्हटलं, काम चोख करतो, पण अळीच्या पतंगाच्या अंड्यांवर. तुडतुड्याच्या अंड्याकडे तो बघणारही नाही. ते म्हणाले, "म्हणजे घरी सुतार बोलावला आणि आला न्हावी." नंतर त्यांनी आपल्या गटात ते वाक्य सगळ्यांना ऐकवलं असणार, कारण पुढच्या महिन्यात अशी कार्डं घेऊन आणखी तिघं आले. कार्डं विकणाऱ्याने फसवलं की त्यालाच फरक ठाऊक नव्हता, ते मला कळलं नाही. मी फसवलं असंच धरून चालले.

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. ते रामकुंडावर तीर्थोपाध्याय होते. यजमान आला की पहिला प्रश्न गाव कोणतं, मग आडनाव, मग आजोबांचं नाव. आणि मगच वंशावळीची वही उघडायची. माणूस नावात चुकतो, गावात चुकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. मी तो जसाच्या तसा किड्यांना लावला. नळीतली परी कोणत्या गावची हे एकदा पक्कं झालं की निम्मं काम झालं, असं मी नव्या मुलींना शिकवत असे. गाव लिहिणाऱ्या माणसावर मात्र लक्ष ठेवावं लागतं, हेही त्यात आलंच.

आमच्याकडे गाव लिहिणारा माणूस म्हणजे सोमनाथ भोये. पंचेचाळिशीचा, अंगाने सडपातळ. अकरा वर्षं कंत्राटावर क्षेत्र सहायक. वणीच्या वर, सुरगाण्याच्या अंगाला त्याचा पाडा. त्या पाड्यावरची माणसं छाटणीला, विरळणीला टोळीने द्राक्षबागांत उतरतात. भोये एकटाच बागेत शिरताना गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र घालून शिरायचा आणि बागाईतदार त्याला खुर्ची द्यायचा. कंत्राट अकरा महिन्यांचं. दर वर्षी नव्याने सही. ती सही झाली नाही तर त्यालाही टोळीबरोबर कात्री घ्यावी लागणार, हे तो मला कधी बोलला नव्हता. पण मला माहीत होतं.

त्या वर्षी आमचा प्रश्न साधा होता. द्राक्षबागेतल्या तुडतुड्यांवर नेमकी कोणती अनाग्रस काम करते? तीन ठिकाणच्या बागा निवडल्या: वणी, चांदवड आणि पिंपळगाव. भोयेने पंधरवड्याने एकदा जायचं, प्रत्येक बागेत सहा पिवळ्या थाळ्या साबणाचं पाणी भरून ठेवायच्या. पिवळ्या रंगावर हे किडे येतात आणि बुडतात. दुसऱ्या दिवशी पाणी बारीक कापडातून गाळून, जे उरेल ते स्पिरिटच्या काचनळीत. नळीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. एक ते सहा वणी, सात ते बारा चांदवड, तेरा ते अठरा पिंपळगाव.

पहिल्या फेरीत तिन्ही गावांत तीन रेषांच्या परी निघाल्या. अपेक्षित होतं. वणीला पाच रेषांच्याही निघाल्या, आणि भरपूर. तेही समजण्यासारखं होतं, कारण पाच रेषांचा गट भातावरच्या तुडतुड्यांवर जगतो आणि वणीच्या त्या बागेला लागूनच भाताची खाचरं होती. पण चांदवडलाही पाच रेषांच्या चार. मी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. चांदवडच्या त्या कोरड्या माळावर कांदा आणि द्राक्ष; भाताचं नाव नाही. दुसऱ्या फेरीत तीन. तिसऱ्या फेरीत पाच. पिंपळगाव वणीला चांदवडपेक्षा जवळ, तिथे मात्र तिन्ही फेऱ्यांत एकही नाही.

तीन अधिक पाच अधिक चार, बारा. मी हा आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. कारण एकच दिसत होतं. वणीहून भोयेचं घर तासाभरावर. चांदवड उलट्या दिशेला. माणूस वणीलाच बारा थाळ्या लावतो, घरी मुक्काम करतो आणि निम्म्या नळ्यांत चांदवडची चिठ्ठी टाकतो. मग मला सगळंच तसं दिसायला लागलं. तिन्ही गावांच्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीचं टोक सारखंच बारीक; म्हणजे एका बैठकीत लिहिल्या. चांदवडच्या फेरीचं एसटीचं तिकीट त्याने जोडलं होतं, पण तिकीट कुणाकडूनही मिळतं. चांदवडच्या बागेत फोन केला तर तिथल्या वहिनी म्हणाल्या, हो, एक जण पिवळ्या ताटल्या ठेवून गेला होता खरा, पण दिवस आठवत नाही, आमची कांद्याची लावणी चालली होती. ताटल्या ठेवल्या याचा अर्थ नळ्या त्यातूनच भरल्या असा होत नाही, असं मी टिपणात लिहिलं. आज ते टिपण वाचलं की एखाद्या फौजदाराने लिहिल्यासारखं वाटतं.

शेवटी त्याला खोलीत बोलावलं. चांदवडच्या बागेच्या आसपास भात आहे का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. तो हसला. "चांदवडला भात? मॅडम, तिथं आंघोळीचं पाणी परत झाडाला घालत्यात." मग भातावरची परी तिथे कशी, मी विचारलं. तो विचारात पडला. वाऱ्याने आली असेल म्हणाला. मी म्हटलं, वाऱ्याने आली असती तर पिंपळगाव ओलांडून आली नसती. त्यावर त्याला उत्तर सुचलं नाही. न सुचणं हाही मी पुरावाच धरला.

"किडा खोटं बोलत नाही, भोये," मी म्हणाले.

तो खांद्यावरची पिशवी सावरत उभा होता. "मंग खोटं बोलायला मीच उरलो," असं म्हणून तो गेला.

मी विभागप्रमुखांना पत्र लिहिलं. विषय: चांदवड येथील नमुन्यांच्या स्थळाबाबत शंका. एका पानाचं, मुद्देसूद, सोबत तक्ता. आमचे सर शांत माणूस, वाद टाळणारे. त्यांनी तक्ता दोनदा पाहिला आणि विचारलं, "गायधनी मॅडम, तुमची खात्री आहे?" मी म्हटलं, आकडे आहेत. ते म्हणाले, "आकड्यांचं नाही विचारत." मला तो प्रश्न कळला नाही असं मी दाखवलं. महिनाअखेरीला भोयेचं कंत्राट संपत होतं. सरांनी नवीन सही थांबवली आणि त्याला तोवर बागांवर न जाता आवारातच काम करायला सांगितलं. तो काचनळ्या धूत बसायचा. मी जवळून गेले तर नळ बंद करून उभा राहायचा.

चौथी फेरी मी स्वतः केली. ड्रायव्हर, मी आणि अठरा थाळ्या. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत सबंध फेरी मी एकदाही केली नव्हती. वेलांच्या मांडवाखाली कमरेत वाकून थाळी सपाट ठेवायची, पाणी सांडू द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी कापडातून गाळून मऊ ब्रशाने एक-एक कण नळीत उतरवायचा. वणीतच माझी पाठ धरली. चांदवडला त्या वहिनी भेटल्या. त्यांनी माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "ते भाऊ नाय आले? ते थाळी उचलली की खालची माती सारखी करून जायचे." मी थाळीखालची माती हाताने सारखी केली. तरी मनात हेच, की माती सारखी करणारा माणूसही चिठ्ठी खोटी लिहू शकतो.

नळ्या मी भरल्या, चिठ्ठ्या मी लिहिल्या, बुचं मी लावली. कपाटाला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. दोन दिवसांनी नेहमीप्रमाणे एक नंबरपासून बसले. वणी झालं, चांदवड झालं, परी काचेवर चढल्या, आणि चांदवडच्या काचांवर गदेच्या रेषा मोजल्या. पाच. पुन्हा पाच. एकूण तीन परी, पाच रेषांच्या.

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते लिहिते, कारण न लिहिणं खोटेपणा होईल. मला वाटलं, भोयेने कपाट उघडलं. मला खोटं पाडायला त्याने नळ्यांत परी टाकल्या. मी उठून कुलूप पाहिलं. मग किल्ली पर्समध्येच होती हे आठवलं, तेव्हा ड्रायव्हरचा संशय आला. ड्रायव्हरला परी आणि पिसू यांतला फरक सांगता आला नसता. त्यानंतर संशय घ्यायला खोलीत माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

मी चारी फेऱ्यांच्या वह्या पुढे ओढल्या. आजवर मी गावाची बेरीज पाहिली होती. चांदवड: चार, तीन, पाच, तीन. त्या बेरजेमागच्या नळ्यांचे आकडे वहीत होतेच, माझ्याच अक्षरात. मी ते वेगळे पाहिले नव्हते. आता पाहिले. आठ नंबरच्या नळीत एक. नऊ, दहा, अकरा, बारा या नळ्यांत शून्य. बाकीच्या सगळ्या, चौदाच्या चौदा, सात नंबरच्या नळीत. सात, म्हणजे वणीच्या सहा नंबरनंतर मी उघडते ती पहिली नळी. आणि वणीची सहा नंबरची थाळी भाताच्या बांधालगतची. सगळ्यात जास्त पाच रेषांच्या परी त्याच नळीत असायच्या.

नळीतला ऐवज बशीत ओतून त्यातल्या परी मी काचेच्या ड्रॉपरने उचलते. टोकाशी काच, मागे रबरी फुगा. प्रत्येक नळीनंतर ड्रॉपर स्वच्छ स्पिरिटमध्ये तीनदा भरून रिकामा करायचा, हा माझाच नियम. तो मी एकदाही मोडला नव्हता. मी नवी बशी घेतली, बाटलीतलं कोरं स्पिरिट ओतलं. वणीच्या सहा नंबरच्या नळीत अजून परी शिल्लक होत्या; ती नेहमीसारखी हाताळली, ड्रॉपर तीनदा धुतला आणि कोऱ्या स्पिरिटमध्ये वीस वेळा भरून सोडला. बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जिथे काही असायला नको होतं तिथे दोन परी होत्या.

मग मी ड्रॉपरचा रबरी फुगा काचेवरून ओढून काढला. जिथे रबर काचेवर बसतं त्या कडेला एक बारीक फट असते. फुगा दाबून सोडला की स्पिरिट तिथपर्यंत चढतं, परी फटीत अडकते, आणि धुताना नाही तर पुढच्या नळीच्या वेळी केव्हातरी सुटते. फटीत मला एक सबंध परी मिळाली, एक सुटा पंख, आणि एका मिशीचा तुकडा. मिशीला गदा होती. गदेवर पाच रेषा.

सरांकडे गेले तेव्हा ते जेवणाचा डबा उघडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाले, झालं तर मग, मी भोयेची सही गुपचूप करून टाकतो, तुम्ही आता काही लिहीत बसू नका. मी म्हटलं, "सर, पहिलं पत्र गुपचूप नव्हतं." त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं आणि मला समजावलं. असं पत्र फाइलला लागलं तर प्रश्न एका फेरीपुरता राहणार नाही. हाच ड्रॉपर, हाच नियम तुम्ही इतकी वर्षं वापरलात, तुमच्या जुन्या कामावरही बोट येईल. ते बरोबर बोलत होते. पुढच्या दोन महिन्यांत मी जुन्या वह्या काढून गाव बदलल्यानंतरच्या प्रत्येक पहिल्या नळीच्या काचपट्ट्या वेगळ्या केल्या. दोनशे चौदा निघाल्या. प्रत्येकीवर लाल टिकली चिकटवली, म्हणजे गावाबद्दल खात्री नाही. निफाडकडच्या एका अनाग्रसची नोंद माझ्या नावावर छापलेली होती, मला तिचा अभिमान होता. तीही लाल टिकलीत गेली. मी संपादकांना कळवून ती मागे घेतली. सांगायला दोन ओळी लागल्या, पण त्या दिवशी घरी येऊन मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले.

हे सगळं नंतरचं. त्याआधी भोये. महिना संपून दोन दिवस झाले होते. तो ओळखपत्र आणि पिशवी परत करायला आला. मी त्याला माझ्या स्टुलावर बसवलं आणि रबराची ती फट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. काय झालं ते सांगितलं, कुठलाही आडपडदा न ठेवता. त्याने भिंगाला डोळा लावला.

"किती दिस बसली आसंल ही हितं?" त्याने विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"माझं नाव मातर सांगता आलं." आवाज चढलेला नव्हता. तो भिंगातच बघत होता.

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, पण ती कशासाठी ते मला कळलं नाही. मग त्याने विचारलं की साहेबांना आता काय लिहिणार. मी दुसऱ्या पत्राचा कच्चा खर्डा त्याच्यापुढे ठेवला. ओळीखाली बोट धरून त्याने तो सबंध वाचला आणि एका शब्दापाशी थांबला. मी लिहिलं होतं, माझ्याकडून अनवधानाने झालेल्या चुकीमुळे.

"ह्ये म्हंजे काय?"

"लक्ष नसताना झालेल्या."

"लक्ष तर व्हतं मॅडम तुमचं," तो म्हणाला. "माझ्यावर व्हतं."

मी तो शब्द खोडला. त्या जागी काय लिहावं हे सुचायला मला दुपार लागली. शेवटी लिहिलं: सहायकावर संशय घेतल्यामुळे मी स्वतःची कामाची पद्धत तपासली नाही. सरांनी ते वाक्य वाचून माझ्याकडे पाहिलं, पण बदला म्हणाले नाहीत. दोन्ही पत्रं एकाच फाइलला, एकापाठोपाठ लागली आहेत. पहिलं काढून टाकता आलं असतं. मी टाकू दिलं नाही, कारण दुसरं कशाबद्दल आहे ते मग कळलं नसतं.

सही व्हायला एक महिना आणि सहा दिवस लागले. तेवढे दिवस तो पिंपळगावकडच्या एका बागेत टोळीबरोबर विरळणीला होता. हे मला त्याने नाही, पुन्हा एक कार्ड दाखवायला आलेल्या त्या सुतार-न्हाव्याच्या बागाईतदारांनी सांगितलं. त्यांच्या शेजारच्याच बागेत होता. त्याला ओळखून त्यांनी खुर्ची पुढे केली, पण तो मांडवाखालून बाहेर आला नाही म्हणाले. हे ऐकल्यावर मी त्यांच्या कार्डाबद्दल काय बोलले ते मला आठवत नाही.

परत आल्यावर त्याने एकच अट घातली, आणि तीही मला नाही, सरांना सांगितली: नळ्या उघडताना तो खोलीत बसणार. मी आता दर नळीला नवा ड्रॉपर घेते, आणि गावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवते. पहिल्या फेरीला तो भिंतीशी बसून होता. मी एकेका नळीचा आकडा मोठ्याने वाचत गेले. चौदा नंबरला सांगितलं, परी नाही, नुसते डास. त्याने खिशातून लहान वही काढली.

"चौदा नंबर थाळीचा न्हवता, थाळीची नळी माझ्या पिशवीत हाय," तो म्हणाला. "डास माझ्या घरचे हायेत. चिमट्यानं टिपून भरले. त्यात परी निघाली आसती तर ती तुमची."

मला राग आला. संध्याकाळी घरी जाईपर्यंत टिकला. भाजी चिरताना लक्षात आलं की ही तपासणी मीच कधी सुरू करायला हवी होती, आणि सव्वीस वर्षांत मला ती सुचली नाही. कारण मी तपासत होते ते दुसऱ्यांना.

आता प्रत्येक फेरीत अशी एक नळी असते. तिच्यात डास असतात, चिलटं असतात, कधी फुलकिडे. तो इतकी बेमालूम भरतो की बाहेरून सांगता येत नाही. नंबर त्याच्या वहीत. मी ओळखायचा प्रयत्न सोडला आहे, सगळ्याच नळ्यांना सारखी घाबरते. वणीच्या परी वणीतच राहिल्या आहेत, चांदवडला तीन रेषांच्याच निघतात, आणि द्राक्षावर कोण काम करते या आमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका गटापर्यंत येऊन पोचलं आहे. अहवालात क्षेत्र सहायक म्हणून त्याचं नाव आहे. आणि कामाच्या पद्धतीत त्याच्या नळीचाही एक परिच्छेद आहे, त्याच्या नावासकट.

गेल्या सोमवारी अठराव्या नळीचा आकडा वाचून मी ड्रॉपर खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने वही उघडली, बोटाने आपल्या नळीचा नंबर शोधला, त्या नळीचा माझा आकडा त्यासमोर लिहिला. शून्य होता. त्याने वही खिशात घातली आणि पिशवी उचलली.

"पुढल्या फेरीला बघू," तो म्हणाला.